सदलगा परिसर : सरकारी शाळांची सुधारणा आणि शैक्षणिक दरी

सदलगा हे कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या चिकोडी तालुक्यात, दूधगंगेच्या काठी वसलेले नगर आहे. जैन आचार्य विद्यासागर (१९४६–२०२४) यांचे हे जन्मगाव असून चिकोडी–सदलगा हा विधानसभा मतदारसंघ आहे. नदीपलीकडे कोल्हापूर जिल्ह्याचा शिरोळ तालुका लागतो. परिसर ऊस व तंबाखूचा. घराघरांत कन्नड, मराठी आणि उर्दू बोलल्या जातात. २०११च्या जनगणनेनुसार बेळगाव जिल्ह्यात सुमारे ६८ टक्के लोकांची मातृभाषा कन्नड, तर सुमारे १९ टक्के लोकांची मराठी होती आणि सीमेलगतच्या पट्ट्यात मराठीचे प्रमाण जिल्ह्याच्या सरासरीहून जास्त आहे. सरकारी शाळांतील मुले मागे का पडतात हा प्रश्न देशभर विचारला जातो. त्याचे नेहमीचे उत्तर इमारत, शिक्षकांची संख्या आणि गरिबी या तीन शब्दांत संपते. या पट्ट्यात ते उत्तर अपुरे ठरते. येथील दरी प्रामुख्याने एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना पडते, आणि आजवरच्या बहुतेक सुधारणा या टप्प्याकडे न पाहता शाळेकडे पाहत आल्या, असे प्रस्तुत नोंदीचे प्रतिपादन आहे.

धोरणाचा इतिहास. शेजारच्या करवीर (कोल्हापूर) संस्थानात राजर्षी शाहूंनी १९१७ साली सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. सदलगा मात्र ब्रिटिश मुलखात, मुंबई इलाख्यात होते. ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने एक सूत्र ठरवले : शाळेत एका भाषेची ४० किंवा एका वर्गात १० मुले असतील, तर प्राथमिक शिक्षण त्यांच्या मातृभाषेत द्यावे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेला. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०अ आला आणि भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेची सोय देण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली गेली. येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. हे संरक्षण डोकी मोजून मिळते आणि प्राथमिक टप्प्यापुरतेच त्याला घटनेचे बळ आहे. पुढील टप्प्यावर मुलाने काय करावे, याविषयी अनुच्छेद काही सांगत नाही. शालेय भाषाधोरणावरील गोकाक समितीच्या शिफारशींवरून १९८०च्या दशकाच्या आरंभी कर्नाटकात मोठे आंदोलन झाले. अनेक वळणांनंतर १९ जून १९८९चा शासन आदेश निघाला. त्यात पहिली ते चौथीपर्यंत सामान्यतः मातृभाषा हेच माध्यम मानले होते. कन्नडेतर मुलांसाठी तिसरीपासून कन्नड ऐच्छिक होती, ती परीक्षेविना शिकवायची होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये हा आदेश वैध ठरवला. म्हणजे मराठी मुलाला लहान वयात कन्नडची तोंडओळख हसतखेळत व्हावी अशी कल्पना कागदावर होती. परंतु जो विषय ऐच्छिक असतो आणि ज्याची परीक्षा नसते, त्यासाठी शिक्षक नेमला जात नाही, हा सरकारी शाळांचा सार्वत्रिक अनुभव आहे. कन्नड भाषा अध्ययन अधिनियम २०१५ मध्ये झाला आणि प्रथम किंवा द्वितीय भाषा म्हणून कन्नड सर्व शाळांत आवश्यक झाली. मराठी घरातील मुलाला परकी भाषा म्हणून कन्नड कशी शिकवावी, याची पद्धत ठरवणे हे मात्र कायद्याचे काम नव्हते, आणि ते काम मागेच राहिले.

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा ६ मे २०१४चा निकाल या विषयात सर्वांत महत्त्वाचा आहे. मातृभाषेचे माध्यम शासन खासगी शाळांवर लादू शकत नाही आणि मुलाची मातृभाषा कोणती हे पालकच ठरवतील, असे न्यायालयाने म्हटले. स्वातंत्र्याच्या दृष्टीने हा निकाल समजण्यासारखा आहे. परिणाम मात्र असा झाला की मातृभाषेतून शिकवण्याचे धोरण पाळण्याची जबाबदारी सरकारी शाळांवरच उरली. ज्याच्या हाती फी भरण्याइतका पैसा आहे तो इंग्रजी माध्यम निवडतो, आणि ज्याच्या हाती नाही त्याच्या वाट्याला धोरण येते. माध्यमाची विभागणी अशा रीतीने आर्थिक स्थितीची विभागणी झाली. शासनाने २०१९–२० पासून सुमारे हजार सरकारी शाळांत इंग्रजी माध्यमाचे वर्ग उघडले. तेव्हा ही विभागणी सरकारी व्यवस्थेच्या आतही शिरली.

मोजमाप. या भागाचा सर्वांत सहज मिळणारा पुरावा म्हणजे दहावीचा निकाल. शालेय प्रशासनासाठी बेळगाव जिल्ह्याचे बेळगाव व चिकोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत. २०१८ साली चिकोडी ८७.०१ टक्क्यांसह राज्यात तिसरा आला आणि त्याचा यथायोग्य गौरव झाला. परंतु निकालाची टक्केवारी शिक्षण किती मोजते आणि परीक्षेची व्यवस्था किती, हा प्रश्न २०२४ने उभा केला. परीक्षा केंद्रांवर कॅमेऱ्याची थेट देखरेख आली आणि वाढीव कृपांक देऊनही राज्याचा निकाल ८३.८९ वरून ७३.४० टक्क्यांवर आला. एका वर्षात मुलांची बुद्धी दहा टक्क्यांनी घटली नव्हती. आधीचे आकडे फुगलेले होते, असाच अर्थ निघतो. परीक्षा मंडळ माध्यमनिहाय टक्केवारीही देते, पण ती दहावीपर्यंत टिकलेल्यांची. पाचवीत, आठवीत ज्यांचा धीर सुटला त्यांची गणना त्या तक्त्यात नसते. ‘असर’ या ग्रामीण शैक्षणिक पाहणीची चाचणी त्याहून प्रामाणिक आहे, कारण ती घरी जाऊन वाचायला लावते. २०२२ साली ग्रामीण भारतातील तिसरीची अवघी २०.५ टक्के मुले दुसरीचा मजकूर वाचू शकत होती. तरी सीमाभागातील मराठी शाळेतले मूल त्या पाहणीत स्वतंत्र गट म्हणून दिसत नाही.

येथील मराठी मुलाचा मार्ग असा आहे. सातवीपर्यंत गावातली मराठी शाळा. त्यापुढे मराठी हायस्कूल मोजक्याच गावी. मग घराजवळचे कन्नड हायस्कूल, किंवा इंग्रजी माध्यम, किंवा नदी ओलांडून महाराष्ट्रातील शाळा. विज्ञान व समाजशास्त्र या विषयांची शब्दसंपदा एका उन्हाळ्याच्या सुट्टीत बदलावी लागते. बाजारात व शेतात दोन्ही भाषा सहज बोलणारे मूल पाठ्यपुस्तकातील भाषेपाशी अडते. कॅनडातील भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये हाच भेद मांडला : बोलण्यापुरती भाषा लवकर येते, अभ्यासाची भाषा येण्यास कितीतरी वर्षे लागतात. दहावीला प्रथम भाषेला १२५ आणि एकूण ६२५ गुण असतात. माध्यम बदललेल्या मुलाला उरलेल्या ५०० पैकी बहुतेक गुणांसाठी अपुऱ्या भाषेत झुंजावे लागते.

आक्षेप. पहिला आक्षेप असा की पालकांनाच इंग्रजी हवे आहे, तर मराठी-कन्नडचा घोळ कशाला? पालकांची इच्छा खरी आहे आणि तिला भाबडी म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र इंग्रजी विषय चांगला शिकवणे वेगळे आणि इंग्रजी माध्यम करणे वेगळे. आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन व व्यंकटेश सुंदररामन यांनी सोडत काढून गरीब मुलांना खासगी शाळेत पाठवण्याचा मोठा प्रयोग केला. त्यात तेलुगू आणि गणितात ती मुले सरकारी शाळेतील मुलांहून सरस ठरली नाहीत. तेलुगू माध्यमातून इंग्रजी माध्यमात गेलेल्यांना तोटाच झाला असावा, असे संकेतही मिळाले.

दुसरा आक्षेप पटसंख्येचा. दहा-पंधरा मुलांची शाळा चालवण्यापेक्षा ती विलीन करावी, असे हिशेब सांगतो. पण १० व ४०च्या सूत्रावर उभी असलेली मराठी शाळा विलीन झाली की जाते ती इमारतीबरोबर माध्यमाची सोयही. आणि लहान शाळा म्हणजे वाईट शाळा, हे कर्नाटकानेच खोटे ठरवले आहे. म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात १९९५ च्या सुमारास ‘नली-कली’ ही पद्धत उभी राहिली, ती एका खोलीत अनेक इयत्ता शिकवणाऱ्या शिक्षकांच्या अनुभवातून. पुढे ती राज्यभर स्वीकारली गेली.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे : दरी गरिबीची आहे, भाषेची नव्हे. अमेरिकेत जेम्स कोलमन यांच्या १९६६च्या अहवालाने शाळेच्या साधनांपेक्षा घरची परिस्थिती यशावर अधिक परिणाम करते असे दाखवले, आणि ते निष्कर्ष पूर्णपणे खोडले गेलेले नाहीत. जवळच्या निपाणी गावातील विडी कामगारांची घरे आणि गळीत हंगामात पालांवर राहणारी ऊसतोड कुटुंबे पाहिली तर हे येथेही नाकारता येत नाही. २०११ मध्ये जिल्ह्यातील पुरुष साक्षरता ८२ टक्क्यांवर आणि स्त्रियांची ६५ टक्क्यांच्या आत होती. तो फरकही घरच्या परिस्थितीतूनच येतो. परंतु गरीब मुलाला एकभाषी प्रदेशात जे एक ओझे वाहावे लागते, त्यावर येथे दुसरे चढते, आणि हे दुसरे ओझे शाळेच्या हातात आहे. घरची कमाई शिक्षक वाढवू शकत नाही. दुसरी भाषा नीट शिकवू शकतो.

मराठी मुलांना कन्नड आलीच पाहिजे, हे म्हणणे मान्य आहे. राज्यातील नोकरी, कचेरी आणि शेजार यांसाठी ते गरजेचे आहे. म्हणूनच ती पहिलीपासून प्रशिक्षित द्विभाषिक शिक्षकाने शिकवावी. हाच न्याय महाराष्ट्रातील जत, अक्कलकोट व दक्षिण सोलापूर येथील कन्नड शाळांनाही लागू आहे. तेथे मराठी शिक्षक नेमला जातो तेव्हा मुलांना अपुऱ्या भाषेत शिकावे लागण्याची नेमकी हीच हानी होते.

उर्दू शाळा. माध्यम बदलण्याची हीच अडचण त्यांतील मुलांनाही आहे. मात्र त्यांच्या मागणीला राजकीय पाठबळ मराठी शाळांहून कमी.

पूर. भाषेच्या अडचणीत खंडाचीही भर पडली : २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांत नदीकाठच्या शाळांचे अध्यापन खंडित झाले.

उच्च शिक्षण. शाळेप्रमाणे महाविद्यालयाची वाटही सीमा ओलांडते : निपाणीला लागून असलेले अर्जुननगर येथील देवचंद महाविद्यालय कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात येते.

सीमावाद. महाराष्ट्र–कर्नाटक सीमेबाबतचा १९६७चा महाजन आयोगाचा अहवाल आणि महाराष्ट्राने २००४ मध्ये दाखल केलेला दावा हा स्वतंत्र विषय आहे. दाव्याचा निकाल काहीही लागला तरी आज पहिलीत असलेले मूल त्याआधी दहावीला बसण्याचा संभव अधिक.

प्रत्येक शाळेचे माध्यम व पटसंख्या ‘युडायस’ या शाळांच्या सरकारी नोंदीत असते आणि दहावीचा माध्यमनिहाय निकाल मंडळाकडे असतो. या दोन नोंदी जोडून सातवीतील प्रत्येक मराठी, उर्दू व कन्नड मूल दहावीत कोठे व कोणत्या माध्यमात पोहोचले, याचा तालुकावार हिशेब चिकोडी शैक्षणिक जिल्ह्याने दरवर्षी जाहीर करावा आणि शिक्षकभरती त्या आकड्यांवरून व्हावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.