खडखडाटाचं गाव

इचलकरंजीला मामांच्या घरी पहिल्यांदा मुक्कामाला गेलो तेव्हा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. भिंतीपलीकडे मामांचे चार यंत्रमाग, त्यापलीकडे शेजाऱ्यांचे चार. "मामा, हे थांबतं कधी हो?" "थांबलं की कळेलच तुला. सगळी गल्ली जागी होते." पुढे एकदा मध्यरात्री वीज गेली. खरोखरच, सगळी गल्ली डोळे चोळत ओट्यावर येऊन बसली!

कोल्हापूर जिल्ह्यातल्या या जागरणाचा दोष विठ्ठलराव दातारांकडे जातो. त्यांनी १९०४ साली इथे पहिला यंत्रमाग बसवला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी अशा उद्योगांना हात दिला. त्यांच्या राजवाड्यात आता वस्त्रोद्योगाचं कॉलेज आहे. ते निघालं १९८२ साली, आणि त्याच वर्षी मुंबईत गिरण्यांचा संप झाला. कापडाचं काम आणखीनच यंत्रमागांकडे वळलं. गावाला 'महाराष्ट्राचं मँचेस्टर' म्हणतात. "मँचेस्टरवाले आपल्या गावाला 'विलायतेची इचलकरंजी' म्हणतात का रे?" असं मामांनी एकदा विचारलं होतं.

२०११ च्या खानेसुमारीत इथली वस्ती २ लाख ८७ हजारांच्या घरात होती. माणसं मोजणाऱ्याचं मला कौतुक वाटतं. दिवसपाळीचा उठला की त्याच खाटेवर रातपाळीचा आडवा होतो. खाट थंड म्हणून होत नाही! जुनी घराणी गावभागात. जवाहरनगर, विक्रमनगर, शहापूरकडे चहाच्या टपरीवर उभं राहिलं, तर एका कपात मराठी, कानडी आणि भोजपुरी ऐकून होते. २०२२ साली गाव 'महानगर' झालं. टपरीवरचा चहा मात्र होता तेवढाच राहिला.

मामा खर्चीवाले. म्हणजे बिमं व्यापाऱ्याची, आपण फक्त मजुरीवर विणून द्यायचं. "सूत त्याचं, कापड त्याचं, आवाज तेवढा आपला," असं ते म्हणत.

पुढे बिनधोट्याचे भरधाव माग आले. मजुरी तीच राहिली, विजेचं बिल वाढत गेलं. शेजाऱ्यांनी माग आधी विकले, मागल्या वर्षी मामांनी. भंगारवाल्याने किलोवर नेले. धोटा तेवढा मामांनी ठेवून घेतला. तो आता कोनाड्यात गणपतीशेजारी असतो.

परवा मुक्कामाला गेलो. काय झोप लागली! पहाटे उठून पाहतो तर मामा ओट्यावर बसलेले.

"का हो, लाईट गेलीय?"

"नाही रे," मामा म्हणाले, "पंखा चालू आहे."