पायाखालचा सुखतळा

कोलकात्याच्या नैर्ऋत्य टोकाला, हुगळीच्या काठी गार्डन रीच नावाची वस्ती आहे. राज्य गमावलेले अवधचे नवाब वाजिद अली शाह १८५६ साली येथल्याच मटियाबुर्जात येऊन राहिले. नागपूरकरांना मात्र हे नाव आगगाडीमुळे ओळखीचे. बंगाल-नागपूर रेल्वेचा कारभार येथून चाले. आज दक्षिण-पूर्व रेल्वेचे मुख्यालय येथेच आहे. नदीच्या प्रवाहाबरोबर थोडे खाली गेले की बाटानगर लागते. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात तेथे जोड्यांचा मोठा कारखाना उभा राहिला.

पण श्रोतेहो, आपल्याकडचा खेळाडू जोड्यात शिरला तो फार सावकाश. १९११ साली याच शहरात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर पलटणीच्या संघाला हरवून ढाल जिंकली, तेव्हा अकरांपैकी दहांचे पाय अनवाणी होते. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर सर दोराबजी टाटांनी खेड्यापाड्यांतले गडी अनवाणी धावताना पाहिले आणि दुसऱ्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकला भारतीय चमू गेला. त्यातले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. पुढे १९५२ साली हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने आपल्या फुटबॉल संघाचा १०-१ असा पराभव केला. संघातले अनेक जण अनवाणी होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले.

जोडा आला, तरी पायाचा प्रश्न मिटला नाही. जोड्याच्या आत तळपायाखाली जो तुकडा असतो, त्याला सुखतळा म्हणतात. त्याचे खरे मोल खेळाच्या मैदानावर नव्हे, तर वेल्लोरच्या रुग्णालयात उमगले. डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली तेथे आले. कुष्ठरोग्याचे पाय आपोआप झडतात, हा समज त्यांनी खोडून काढला. वेदना हरपल्यामुळे एकाच जागी भार पडत राहतो, जखम होते, आणि रोग्याला ती कळत नाही, हे त्यांनी दाखविले. त्यावर उपाय म्हणून मऊ, सच्छिद्र रबराचा सुखतळा व त्याखाली टणक तळ असलेली पादत्राणे पुढे आली. रबर फार मऊ असेल तर ते दबून चपटे होते आणि फार कठीण असेल तर टोचते. मधली गोष्ट शोधावी लागली. निरोगी माणूस लांबवर धावला की दुखऱ्या जागेवरचा भार नकळत दुसरीकडे सरकवतो, बधिर पायाला हे साधत नाही, हेही ब्रँड यांनी दाखविले.

म्हणून धावण्याच्या जोड्यासाठी सुखतळा घेताना बोटाने दाबून त्याचा मऊपणा पाहणे पुरेसे नाही. आधी जुना सुखतळा काढून पाहावा. टाच, चवडा, अंगठा यांपैकी कोठे तो अधिक झिजला आहे, तेथेच आपला भार पडतो. तो जोड्यासह दुकानात न्यावा. संध्याकाळी जावे, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. रोजचे मोजे घालून पाहावे. नवा तुकडा जुन्यावर न घालता जुन्याच्या जागी बसवावा. नाहीतर जोडा आखूड होतो, टाच वर येऊन निसटू लागते. कमान उंच असलेला तुकडा प्रत्येकाला मानवतोच असे नाही. दोन्ही पायांत घालून दुकानात चार फेऱ्या माराव्यात. धावताना नव्या जागी दुखू लागले, तर ‘सवयीने जाईल’ म्हणून दुर्लक्ष करू नये.

मधुमेहाने ज्यांच्या तळव्याची जाणीव मंदावली आहे, त्यांनी तर स्वतःच्या अंदाजावर सुखतळा घेऊच नये. वैद्याला पाय दाखवावा आणि धावून आल्यावर रोज तळवा डोळ्यांनी तपासावा. अनवाणी धावणाऱ्या गड्याला प्रत्येक खडा कळत असे. जोड्यातल्या पायाचे हे सांगणे आपण मुद्दाम ऐकले पाहिजे.