राजाच्या सहीविना

राजाने वादाच्या प्रश्नावर मत द्यावे की गप्प राहावे? हा प्रश्न पुस्तकी वाटतो खरा. पण बेल्जियममध्ये राजाच्या एका निर्णयावरून देश दुभंगला होता.

मे १९४० मध्ये राजा तिसरा लिओपोल्ड जर्मनांना शरण गेला. आपल्याबरोबर देशाबाहेर पडावे, हे मंत्र्यांचे म्हणणे त्याने ऐकले नाही. शत्रूच्या हाती सापडलेला राजा राज्य करू शकत नाही, म्हणून मंत्रिमंडळाने राज्यघटनेच्या ८२व्या कलमाचा आधार घेतला. युद्ध संपल्यावरही त्याला परत येऊ द्यावे की नाही, यावर एकमत होईना. मार्च १९५० च्या जनमत कौलात सुमारे ५८ टक्के लोक त्याच्या बाजूचे निघाले. पण फ्लँडर्सने होकार दिला, वालोनियाने नकार. जुलैत राजा परतला आणि संप पेटले. लिएजजवळ गोळीबारात चौघांचे प्राण गेले. तेव्हा कुठे त्याने एकोणीस वर्षांच्या मुलाकडे, बोदुआँकडे, अधिकार सोपवले.

बापामुळे देशाचे काय झाले ते मुलाने पाहिले होते. पुढची चाळीस वर्षे त्याने बहुतेक जीभ आवरली. (१९६० साली काँगोच्या स्वातंत्र्यसोहळ्यात मात्र त्याने दुसऱ्या लिओपोल्डची स्तुती केली आणि लुमुंबा यांनी तिथेच खरमरीत उत्तर दिले.)

मग १९९० साल उजाडले. गर्भपाताला मर्यादित मुभा देणारा कायदा संसदेने संमत केला. राजा श्रद्धाळू कॅथलिक. त्याला आणि राणी फाबिओला यांना मूलबाळ नव्हते. त्याने पंतप्रधान मार्टेन्स यांना पत्र लिहिले. विवेकाचे स्वातंत्र्य सगळ्यांना आहे, ते एकट्या राजालाच नाही का, असा त्याचा सवाल होता. पण लोकशाहीची वाट अडवायची नाही, तुम्हीच मार्ग काढा, असेही त्याने लिहिले होते.

मार्ग सापडला तो त्याच ८२व्या कलमात! राजा राज्य करण्यास असमर्थ आहे, असे मंत्र्यांनी जाहीर केले आणि कायद्यावर स्वतः सह्या केल्या. ५ एप्रिलला संसदेने त्याला पुन्हा समर्थ ठरवले : बाजूने २४५ मते, विरोधात एकही नाही, ९३ सदस्य तटस्थ.

धडधाकट माणसाला कागदावर असमर्थ ठरवणे मला पटत नाही. शिवाय पत्र जाहीर झाल्यामुळे राजाचे मत घराघरांत पोचलेच. कायद्याला मत देणाऱ्यांना ते बोचले असेल. तरी त्याने पाय अडवला नाही, बाजूला झाला, याचे मोल मी मोठे मानतो. लक्झेंबर्गच्या ग्रँड ड्यूकने २००८ साली इच्छामरणाच्या कायद्याला संमती नाकारली, तेव्हा तिथल्या संसदेने संमतीचा अधिकारच काढून घेतला.

बोदुआँ ३१ जुलै १९९३ रोजी वारला. त्या १९९० च्या कायद्याखाली मंत्र्यांच्या सह्या होत्या, राजाची नव्हती.