कर्मचारी नुकसानभरपाई दावे
कामावरील अपघातात जखमी झालेल्या कामगाराला वा मृत कामगाराच्या कुटुंबाला मालकाकडून भरपाई देवविणारा भारतीय कायदा १९२३ सालचा. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये त्यातील तरतुदी समाविष्ट झाल्या. दावा सक्षम प्राधिकाऱ्यापुढे (पूर्वी आयुक्तापुढे), सामान्यतः दोन वर्षांच्या आत. मृत्यूची भरपाई या प्राधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. त्यामुळे वारसांना थोडक्यात गुंडाळणे कठीण जाते. वकिलाचा खरा कस लागतो तो अपंगत्व ठरवताना. कायद्याच्या परिशिष्टात अवयवहानीची टक्केवारी छापलेली असते आणि मालकपक्ष तिलाच धरून बसतो. परंतु डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या एका सुताराची कमाईची क्षमता सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये शंभर टक्के गेल्याचे मानले : एका हाताने सुतारकाम होत नाही. महिनाभरात भरपाईची रक्कम न भरल्यास १२ टक्के व्याज लागते. सबळ कारण नसेल तर दंडही.