माग आपला, सूत कुणाचं?

इचलकरंजीत वाढलेल्यांना मागांची खटखट वेगळी सांगायला नको. पण ज्या गावाला रेल्वे स्टेशनही नाही, तिथे हा धंदा रुजला कसा, हे आपल्याला इतिहासाच्या तासाला कधी नव्हतं. म्हणून स्मरणिकेसाठी हाच विषय घेतला.

1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग चालवला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी उद्योगाला आश्रय दिला. पण एका मागाने गाव उभं राहत नाही. जॉबरच्या हाताखाली शिकायचं, चार पैसे साठले की जुने दोन माग घ्यायचे आणि घराशेजारी शेड टाकायची, अशी ही विद्या गल्लोगल्ली पसरली. मागोमाग सायझिंग, कांडी, वहिफणी आणि सुट्या भागांची दुकानं आली. धोटा तुटला तर शेजारच्या गल्लीत मिळे. ही जवळीक हेच गावाचं खरं भांडवल होतं.

पुढे सहकारातून सूतगिरण्या आणि बँका झाल्या. 1982 च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांचं काम भिवंडी, मालेगावबरोबर आपल्याकडेही वळलं. त्याच वर्षी डीकेटीईचं वस्त्रोद्योगाचं कॉलेज सुरू झालं.

मग अडलं कुठे? आपल्यापैकी अनेकांच्या घरचे खर्चीवाले. माग त्यांचा, वीजबिल त्यांचं. सूत आणि कापड मात्र व्यापाऱ्याचं. मजुरी पिकावर ठरायची. गिऱ्हाइकाशी गाठच नाही, त्यामुळे उद्या काय खपेल हे कळायचा मार्ग नाही. रेपियर आणि एअरजेट आले तेव्हा ते घ्यायला लागणारं मोठं भांडवल पिकाच्या मजुरीतून साठण्यासारखं नव्हतं. ज्यांना ते जमलं नाही, त्यांतल्या कित्येकांचे साधे माग भंगारात गेले.

मी गेली वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमचं बरंचसं काम तासावर मोजलं जातं. ज्या वस्तूसाठी ते होतं ती दुसऱ्याची. म्हणजे खर्चीच, फक्त एसीत!

म्हणून एक सुचवते. आपल्यातले काहीजण आजही शेड चालवतात, काहीजण परदेशात खरेदी-विक्री सांभाळतात. मेळाव्यात जेवणानंतर या दोघांनी तासभर एकत्र बसावं. गिऱ्हाईक कोण आणि त्याला काय हवं, एवढं जरी शेडपर्यंत पोचलं, तरी शेजारची ती जुनी गल्ली थोडी लांबवर नेल्यासारखं होईल.