भवानी पेठेतील तीन घरे

पुण्यात मुळा-मुठेच्या संगमाजवळ अभियांत्रिकी महाविद्यालयाची जुनी दगडी वास्तू उभी आहे. परगावचा पाहुणा तिच्यापुढे थांबतो आणि या विद्येचा आरंभ येथेच झाला असे समजतो. वस्तुतः तो भवानी पेठेत झाला. १८५४ च्या जुलैत तेथील तीन लहानशा घरांत ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ भरू लागले. हेतू माफक होता: इमारती, पूल, कालवे यांच्या सरकारी कामांसाठी दुय्यम अधिकारी तयार करणे.

५ ऑगस्ट १८६५ रोजी सर बार्टल फ्रियर यांनी नव्या वास्तूची कोनशिला बसविली. पुढच्याच वर्षी संस्था मुंबई विद्यापीठाशी जोडली गेली. हाताखालची माणसे घडविण्यासाठी निघालेल्या या शाळेतूनच १८८३ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या बाहेर पडले. त्यांचे स्वयंचलित दरवाजे १९०३ साली खडकवासल्याच्या धरणावर बसले.

१२ जुलै १९६१ च्या पुरात ते धरणही फुटले. घरे जातात, धरणेही जातात. बांधण्याची विद्या मात्र शिष्यपरंपरेने टिकते, म्हणूनच खडकवासला पुन्हा उभे राहू शकले. त्या परंपरेचे ऋण सांगताना भवानी पेठेतील तीन घरांचा उल्लेख राहून जाऊ नये, एवढेच.