मारुती व्हॅनचा चिनी जुळा

शाळेत असताना आम्ही बारा पोरं एका मारुती व्हॅनमध्ये कोंबून जायचो. पुढच्या सीटखाली इंजिन, त्यामुळे उन्हाळ्यात पुढे बसणाऱ्याची खैर नसे. परवा इथे अमेरिकेत, प्रयोगशाळेतल्या चोंगछिंगच्या सहकाऱ्याने त्याच्या वडिलांच्या गाडीचा जुना फोटो दाखवला आणि मी उडालोच. तीच गाडी! "तुमची कसली, आमची आहे ही," मी म्हटलं.

खरं तर दोघांचीही नाही. ती सुझुकीची कॅरी. १९८४ साली मारुतीने ती गुरगावात बनवायला घेतली आणि त्याच वर्षी छांगआनने चोंगछिंगमध्ये. आपल्याकडे व्हॅन आली, तिकडे व्हॅन आणि छोटा ट्रक दोन्ही.

आता हे छांगआन म्हणजे मूळचा बंदुकांचा कारखाना. वंशावळ थेट १८६२ पर्यंत सांगतात. १९३७ मध्ये जपानी फौजा नानचिंगवर चालून आल्या तेव्हा यंत्रं यांगत्सेतून वर चोंगछिंगला हलवली. पुढे १९७८ नंतर आर्थिक सुधारणा आल्या, लष्कराची मागणी आटली, सरकारने सांगितलं, लोकांच्या उपयोगाचं काहीतरी बनवा. आणि बनवलं काय, तर जपानी गाडी! लोकांनी तिच्या आकारावरून नाव ठेवलं 'मिएनपाओ-छ', म्हणजे पावगाडी.

खरी गंमत इंजिनात आहे. आपल्या व्हॅनला ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं, त्यांच्या गाडीला ७९७ सीसीचं चार सिलिंडरचं. त्याचं चिनी नाव ४६२क्यू. चार सिलिंडर, ६२ मिलिमीटर व्यास आणि क्यू म्हणजे मोटारीचं. इतकं रुक्ष नाव इंजिनियरच ठेवू जाणे! पण ते एका कारखान्याचं राहिलं नाही. हार्बिनला बनलं, लिऊचौला बनलं, आणि कितीतरी पावगाड्यांत बसलं.

१९९३ मध्ये छांगआन आणि सुझुकीने भागीदारीत वेगळी मोटार कंपनी काढली. २०१८ मध्ये सुझुकीने तिच्यातला आपला निम्मा हिस्सा छांगआनला दिला. किंमत? एक युआन! आपल्याकडे उलट झालं. १९८२ साली मारुतीत २६ टक्के घेऊन आलेली सुझुकी आज निम्म्याहून जास्त हिश्श्याची मालक आहे.

मग कोण जास्त शिकलं? मारुतीमुळे आपल्याकडे सुटे भाग बनवणारे शेकडो कारखाने उभे राहिले, ते शिक्षण लहान नाही. पण इंजिनाचा आराखडा उघडून तो आपलासा करणं ही वेगळी गोष्ट. मी स्वतः परदेशात दुसऱ्यांच्या यंत्रांवर डॉक्टरेट केलेला माणूस, त्यामुळे हा प्रश्न मला जरा टोचतोच.

असो. आपली व्हॅन २०१९ मध्ये बंद झाली. सहकाऱ्याचा तो फोटो बाबांना पाठवला. लगेच उत्तर आलं, "अरे, ही तर तुमच्या शाळेच्या काकांची गाडी! तुला कुठे सापडली?"